खाली बसवलेली कूपे: एका जीटी८६च्या सस्पेन्शनचं आणि चाकांचं प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी होती. गाडीत सस्पेन्शन नवं, रिम नव्या, टायर रुंद आणि चांगल्या पकडीचे, आणि तरीही गाडी कंपनीतून आली तेव्हापेक्षा वाईट चालते. हळू वेगात ठीक. पण जरा जोर लावला की वळणाच्या ऐन मध्यावर पुढची चाकं एकदम पकड सोडतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला सरळ निघते. खड्ड्यात धाडकन आदळते. जड वाहनांनी रस्त्यावर पाडलेल्या चाकोऱ्या आल्या की स्टिअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. मालकाचं निदान तयार होतं: शॉक खराब निघाले, आता महागातले घेऊ. मी म्हटलं, आधी गाडी मोजू, मग काय घ्यायचं ते बघू.

गाडी २०१३ ची टोयोटा जीटी८६, मॅन्युअल. सुबारू बीआरझेड हे तिचंच जुळं भावंड. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० पीएस, ताकद मागच्या चाकांना. वजन साधारण १,२४० किलो, त्यातलं ५३ टक्के पुढे. गुरुत्वमध्य जमिनीपासून जेमतेम ४६ सेंटिमीटरवर, म्हणजे ही गाडी मुळातच खाली बसलेली आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब), मागे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म). कंपनीच्या रिम १७ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट ४८ (रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाला, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिमी). त्यावर २१५/४५ आर १७ मापाचे मिशेलिन प्रायमसी. हे टायर स्पोर्ट्स गाडीचे नव्हेतच, इंधन वाचवणाऱ्या शांत गाड्यांना शोभतील असे. पण टोयोटाने ते जाणूनबुजून दिले होते. पकड कमी असली की गाडी कमी वेगातच बोलू लागते, आणि या गाडीची सगळी गंमत तिथेच आहे.

मालकाने टाकलेला माल असा: उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (शॉकभोवती बसवलेली स्प्रिंग), स्प्रिंग पुढे ८ आणि मागे ६ किलो प्रति मिमी, गाडी चारही कोपऱ्यांत सुमारे ५० मिमी खाली, १८ इंची, ९ इंच रुंद, ऑफसेट ३५ च्या ओतीव रिम, त्यावर २३५/४० आर १८ टायर. पुढच्या फेंडरची आतली कड गरम करून वळवलेली. फोटोत गाडी झकास दिसायची, हे कबूल करायला हवं.

जॅकवर घेतल्यावर

गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक काढलं आणि स्प्रिंगला सहज हात लावला, तर ती जागच्या जागी फिरली. चाक हवेत लोंबत असताना स्प्रिंग आणि तिच्या वरच्या बैठकीत पाच सेंटिमीटरची मोकळी फट होती. अर्धं निदान इथेच झालं.

या प्रकारच्या कॉइलओव्हरमध्ये उंची दोन ठिकाणी बदलता येते. एक, स्प्रिंग ज्या सीटवर बसते ती आट्यांवरून वर-खाली फिरवून. दुसरं, शॉकची बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर करून. दोन्हींनी गाडी खाली येते, पण परिणाम निराळा. ब्रॅकेटने खाली आणली तर शॉकची लांबी कमी होते आणि रॉडची चाल जिथल्या तिथे राहते. सीट उतरवून खाली आणली तर गाडी सरळ शॉकच्या चालीत बसते. ५० मिमी सीटने उतरवली म्हणजे शॉक दबायला असलेल्या जागेतले ५० मिमी गेले. इथे नेमकं तेच केलं होतं. ब्रॅकेट कारखान्यातून निघाला तसाच होता, लॉकनटवरचा रंगसुद्धा उडालेला नव्हता.

किती चाल उरली होती ते बघायला महागडी उपकरणं लागत नाहीत. शॉकच्या चकचकीत रॉडवर एक बारीक केबल टाय घट्ट आवळायचा, खाली सरकवून बॉडीच्या तोंडाला टेकवायचा आणि गाडी रोजच्यासारखी फिरवून आणायची. शॉक जितका दबतो तितका टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. मालक नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारून आला. पुढचे दोन्ही टाय बंप स्टॉपच्या, म्हणजे चाल संपताना धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याच्या, फोममध्ये रुतले होते. फोमची खालची कड फाटलेली, आणि तिच्यावर शॉकच्या तोंडाचा गोल ठसा. गाडी नुसती उभी असताना बंप स्टॉपपर्यंतचं अंतर मोजलं तर पुढे १४ मिमी. मागे २५.

आता १४ मिमी म्हणजे काय, याचा ढोबळ हिशोब करू. पुढची ८ किलोची स्प्रिंग म्हणजे साधारण ७८ न्यूटन प्रति मिमी. स्ट्रटच्या तिरकेपणामुळे चाकापाशी त्यातले ७० च्या आसपास पोचतात. १४ मिमी दबेपर्यंत स्प्रिंग सुमारे १,००० न्यूटनचा जादा भार पेलते. त्यापुढे बंप स्टॉप. दुसरीकडे, चालकासह १,३१५ किलोची गाडी ०.९ जी ने (गुरुत्वाकर्षणाच्या ९० टक्के बळाने) वळते तेव्हा आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण ३,३०० न्यूटनच्या आसपास भार सरकतो, आणि त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त पुढच्या चाकावर येतो. त्यातला काही वाटा अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून झुकाव रोखणारी दांडी) उचलतो. तो वजा केला तरी १,००० च्या वरच उरतात.

म्हणजे खड्डा लागतच नाही. सपाट रस्त्यावर नुसतं जोरात वळलं तरी बाहेरचं पुढचं चाक बंप स्टॉपवर जाऊन बसतं. आणि बसलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका झटक्यात कितीतरी पट होतो. पुढच्या चाकांमध्ये आतून बाहेर सरकणारा भार वाढतो, टायरवर अचानक ओझं पडतं, पकड सुटते. मालक ज्याला "अचानक" म्हणत होता ते हे. शॉक चांगला की वाईट हा प्रश्न इथे येतच नाही. दबायला जागाच नसेल तर जगातला उत्तमातला उत्तम शॉकही काही करू शकत नाही.

आधी फुकटातला उपाय

नवं काही मागवण्याआधी आहे त्याच कॉइलओव्हरवर निदान पडताळून घेतलं. पुढची सीट ४० मिमी वर घेतली आणि बॉडी ब्रॅकेटमध्ये १० मिमी आत घातली. गाडी एकूण ३० मिमी वर आली, म्हणजे कंपनीच्या उंचीपेक्षा २० मिमी खाली. पुढची दबण्याची चाल १४ वरून ५४ मिमी झाली. मागेही त्याच हिशोबाने केलं. लॉकनट गंजाने जाम झाले होते. ते सोडवायला उंची बदलण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

वळणातलं ते एकाएकी सुटणं त्याच दिवशी गेलं. केबल टाय फोमच्या बराच खाली थांबला. एका पान्याच्या आणि एका हुक स्पॅनरच्या जोरावर मूळ तक्रार निम्म्याहून अधिक संपली होती, आणि मालक इथे थांबला असता तरी त्याला कुणी चूक म्हटलं नसतं. अशी सस्पेन्शनं मी पाहतो तेव्हा बहुतेक वेळा हेच एक काम शिल्लक असतं.

जाता जाता एक गैरसमज. सीट वर फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवली की ती "कडक" होते, असं बरेच जण ठामपणे सांगतात. सरळ वळ्यांची ८ ची स्प्रिंग किती आवळली तरी ८ चीच राहते. गाडीचं वजन तिला त्याहून जास्त दाबत असेल तोवर आवळल्याने फक्त उंची वाढते. उलट्या बाजूचं अज्ञान जास्त महागात पडतं: सीट इतकी खाली की चाक लोंबलं तर स्प्रिंग सुटी. मग एखाद्या उंचवट्यावरून चाक खाली येताना स्प्रिंग बैठकीतून निसटून तिरकी बसू शकते.

पण गाडी अजून उनाड होती. महामार्गावर लांबट उंचवट्यांवर नाक वर-खाली करत राहायची, आणि मागे बसलेला माणूस अर्ध्या तासात गप्प व्हायचा. हे स्प्रिंगच्या आकड्यांचं दुखणं होतं.

आठ आणि सहा

स्प्रिंगचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. तो चाकापाशी किती पोचतो आणि त्यावर वजन किती, हे दोन्ही धरून गाडीचा तो कोपरा सेकंदाला किती वेळा डोलतो ते काढायचं. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते, म्हणून आकड्यातला ९० टक्के भाग चाकापाशी मिळतो. या गाडीच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आर्मवर आत बसते. चाक १० मिमी हललं तर ती साधारण साडेसात मिमी हलते. आणि इथे गुणोत्तराचा वर्ग लागतो, कारण हालचालही कमी आणि बळाची तरफही कमी. म्हणून मागच्या ६ पैकी चाकापाशी उरतात जेमतेम ३.४. पेटीवर "८/६" वाचून वाटतं पुढे-मागे थोडासाच फरक आहे. प्रत्यक्षात पुढचं चाक मागच्याच्या दुपटीहून कडक निघतं.

हिशोब केला तर पुढची वारंवारता २.४ हर्ट्झच्या आसपास, मागची १.७५ च्या. कंपनीच्या गाडीत पुढे ती १.४ च्या जवळपास असते. २.४ हा आकडा गुळगुळीत ट्रॅकवर चिकट टायर घालून पळणाऱ्या गाडीला शोभतो. रोजच्या रस्त्याला नाही. पण आकडा मोठा असण्यापेक्षा पुढे जास्त आणि मागे कमी हा क्रम मला जास्त खटकला.

मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये यावर काम केलं. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोडा उशिरा. पुढचा भाग डोलायला आधी सुरू करतो. मागचा भाग थोडा जलद डोलणारा असेल तर तो उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वर-खाली होते. मागचा संथ असेल तर दोघांचा मेळ कधीच बसत नाही आणि गाडी नाकावर झुलत राहते. शर्यतीच्या गाड्यांत हा नियम मोडतात, तिथे कारणं वेगळी असतात. रस्त्यावरच्या गाडीत मोडायला निदान काहीतरी कारण हवं, आणि "विकणाऱ्याकडे याच स्प्रिंग होत्या" हे कारण नव्हे.

ठरवलं ते असं: मागे ६ तशीच ठेवायची, पुढे ८ ऐवजी ४. पुढची वारंवारता १.७ हर्ट्झ, मागची १.७५. पेटीवर "४/६" लिहिलेलं असतं तर मालकाने ती कधीच विकत घेतली नसती. त्याला ती उलटी छापल्यासारखी वाटली असती.

फक्त स्प्रिंग बदलून भागत नाही. शॉकची रोखण्याची ताकद स्प्रिंगच्या आकड्याच्या वर्गमुळाशी जुळवावी लागते. स्प्रिंग निम्मी केली तर शॉक साधारण ३० टक्के मवाळ हवा. त्याच्या शॉकना ३२ क्लिक (कडकपणा बदलायच्या पायऱ्या) होते, पण त्यातले बहुतेक क्लिक शोभेचे. शॉक टेस्टरवर घातल्यावर पहिल्या वीसेक क्लिकमध्ये आलेख जवळपास हललाच नाही, आणि शेवटच्या काहींमध्ये रिबाउंड (दबलेला शॉक परत उलगडताना होणारा विरोध) एकदम वाढला. रिबाउंड असा जास्त झाला की चाक दबल्यावर परत खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो. ओळीने चार-पाच खड्डे लागले की गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर. म्हणून पुढचे-मागचे चारही शॉक बदलले: क्लिक कमी, पण ४/६ साठी बेतलेले आणि चारही एकमेकांशी जुळणारे.

पुढची स्प्रिंग मऊ केल्यावर वळणातला झुकाव वाढणार होता आणि मागचा भाग सुटण्याकडे कल जाणार होता. त्यासाठी पुढचा अँटी-रोल बार १८ मिमीवरून २० मिमीचा केला. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून दोन मिमीत तो दीडपट होतो. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकाच वेळी उंचवट्यावर चढली तर बार काहीच करत नाही. त्यामुळे आराम शाबूत राहतो.

खाली आणण्याबद्दल थोडं. ५० मिमी खाली म्हणजे गुरुत्वमध्य ४६ वरून ४१ वर, वळणात सरकणारा भार साधारण दहा टक्के कमी. फायदा खरा आहे. पण मॅकफर्सनमध्ये खालचा आर्म उलट्या बाजूला तिरका होतो, रोल सेंटर (गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्याहून खूप जास्त घसरतं, आणि दोघांमधलं अंतर वाढल्याने झुकायची ओढ वाढते. शिवाय चाक दबताना कँबर (चाकाचा आतल्या बाजूला तिरकेपणा) मिळायचा तो मिळेनासा होतो आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगची हालचाल चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून गाडी खड्ड्यात आपोआप वळायला बघते. २० मिमीवर यातलं फार काही होत नाही. म्हणून २० वर थांबलो.

चाकं

रिमच्या रुंदीचा आणि ऑफसेटचा हिशोब शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे, तरी लोक तो फोटो बघून करतात. मूळ ७ इंची रिमची अर्धी रुंदी ८८.९ मिमी. ऑफसेट ४८, म्हणजे हबच्या पृष्ठभागापासून बाहेर ४०.९ आणि आत १३६.९ मिमी. मालकाच्या ९ इंची, ३५ ऑफसेटच्या रिमची बाहेरची कड ७९.३ वर. मूळ कडेपेक्षा ३८ मिमी बाहेर. फेंडर का घासत होता ते यात आलं.

फेंडर वळवता येतो, पण दुसरी गोष्ट वळवता येत नाही. ऑफसेट १३ मिमीने कमी केला म्हणजे टायरचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून १३ मिमी बाहेर गेला. रस्ता चाकाला जे काही करतो ते सगळं त्या जादा तरफेने स्टिअरिंगवर येतं. एका चाकाखाली खड्डा आला की हाताला हिसका, चाकोरी आली की ओढ. मालकाला हा टायरचा दोष वाटत होता. रुंद टायरचाही त्यात हात असतो, पण मोठा वाटा ऑफसेटचा.

टायरचा व्यासही वाढला होता. २१५/४५ आर १७ चा व्यास ६२५ मिमी, २३५/४० आर १८ चा ६४५. ३.२ टक्के जास्त. कागदावर किरकोळ, पण या इंजिनाचा टॉर्क २०५ न्यूटन-मीटर, तोही साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास. चार हजारांजवळ तर त्याच्या आलेखात एक प्रसिद्ध खड्डाच आहे. ४.१ चा फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकांना ताकद देणारं शेवटचं गिअर गुणोत्तर) या टायरांनी ३.९७ चा झाला होता. टोयोटाने स्वतः २०१७ च्या मॅन्युअल गाडीत तो उलट दिशेने, ४.३ वर नेला, यावरून या इंजिनाला काय हवं आहे ते कळतं.

वजन काट्यावर केलं. मालकाची रिम आणि टायर मिळून २२.१ किलो. कंपनीचं जुनं चाक त्याच्याकडे पडून होतं, ते १८.८. म्हणजे "हलक्या अलॉय" म्हणून घेतलेलं प्रत्येक चाक टायरसकट मूळ चाकापेक्षा तीन किलोहून जास्त जड.

इथे एक दंतकथा ऐकू येते: चाकातला एक किलो म्हणजे बॉडीतले दहा. तसं काही नाही. वेग घेताना रिममधला एक किलो साधारण दीड किलोसारखा वागतो, टायरमधला पावणेदोनच्या जवळपास, कारण तो पुढेही जातो आणि फिरतोही. खरा फायदा दुसरीकडे असतो. चाक, हब, ब्रेक हा सगळा गठ्ठा टायरच्या लवचिकतेवर सेकंदाला दहा-बारा वेळा उड्या मारू शकतो आणि शॉकने त्याला जमिनीला धरून ठेवायचं असतं. गठ्ठा हलका असेल तर शॉकचं काम हलकं, आणि खडबडीत वळणात चाक जमिनीवर जास्त वेळ.

नव्या रिम एंकेई आरपीएफ१, १७ इंची, ८ इंच रुंद, ऑफसेट ४५, काट्यावर ७.२ किलो. यांचा मधला भाग ओतीव आणि कड फिरवत-दाबत ताणलेली असते, म्हणून पातळ असूनही मजबूत. टायर २२५/४५ आर १७. दोन्ही मिळून १७ किलो. मालकाच्या चाकांपेक्षा एका कोपऱ्यात ५.१ किलो कमी. बाहेरची कड मूळ रिमपेक्षा १५.७ मिमी बाहेर आणि आतली ९.७ मिमी आत, म्हणजे दोन्हीकडे जागा. टायरचा मध्य फक्त ३ मिमी सरकला. व्यास दीड टक्क्याच्या आत.

१८ वरून १७ वर उतरायला मालकाचं मन धजत नव्हतं. कंपनीचे ब्रेक १७ मध्ये व्यवस्थित बसतात, साइडवॉल थोडी जाड मिळते, आणि खड्ड्यात रिम वाकायचा धोका कमी. दिसायला १८ चांगल्या दिसतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसलेलं बरं.

बसवताना

एक-दोन गोष्टी बसवतानाच्या, कारण चांगला माल इथेच वाया जातो.

या गाडीच्या हबचं मधलं बोंड ५६.१ मिमीचं, नव्या रिमचं भोक ७३ मिमीचं. मध्ये बसणारी रिंग नसेल तर चाक फक्त नटांच्या शंकूवर केंद्रात येतं, आणि जरा हललेलं राहिलं की १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात. रिंग घातल्या, नट एम१२, आट्या १.२५ च्या, शंकूच्या बैठकीचे; १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने, ताऱ्याच्या क्रमाने. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. एअर गनने "कट कट" करून सोडून दिलेल्या नटांवर माझा विश्वास नाही.

दुसरी गोष्ट मागच्या आर्मच्या बुशांची. हे रबर आत-बाहेर दोन्हीकडे धातूला चिकटलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले तर रबर त्याच अवस्थेत पक्कं होतं आणि गाडी खाली आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं. उंची चुकते, चाल जड होते, बुश लवकर फाटते. म्हणून बोल्ट सगळे बोटाने बसवून, गाडी चाकांवर उभी करून, मग शेवटचे आवळायचे. जुनं काम बहुधा लोंबत्या चाकांवर झालं असावं: बोल्ट सैल केल्याबरोबर मागची उजवी बाजू नजरेला दिसेल इतकी हलली.

मग वजनकाटे. मालकाच्या वजनाइतकं ओझं चालकाच्या सीटवर ठेवून चारही चाकं चार काट्यांवर घेतली. स्प्रिंगच्या सीट नजरेने फिरवलेल्या असल्यामुळे एका कर्णावर (पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरपं मागचं) ५२.६ टक्के भार होता. त्यामुळेच गाडी डाव्या आणि उजव्या वळणात दोन वेगळ्या गाड्यांसारखी वागायची. त्या सीट थोड्या थोड्या फिरवून ५०.१ वर आणलं.

अलाइनमेंटमध्ये आधीचे आकडे असे होते: पुढे कँबर डावीकडे −१.०, उजवीकडे −१.६ अंश, मागे −२.७ आणि −२.४, पुढे बराच टो-आऊट (चाकांची तोंडं बाहेर वळलेली). मागचा कँबर कुणी मुद्दाम दिलेला नव्हता. या गाडीत कंपनीकडून मागे फक्त टो बदलता येतो, कँबर नाही, आणि गाडी खाली आणली की तो आपला आपण वाढत जातो. कंपनीच्या मूळ मांडणीत पुढे शून्याच्या जवळपास आणि मागे सव्वा अंशाच्या आसपास असतो, म्हणजे पुढचा भाग आधी सुटावा अशीच रचना. इथे तोच फरक डावीकडे आणखी वाढला होता. मागे लांबी बदलता येणारे खालचे आर्म घातले. पुढे कॉइलओव्हरच्या वरच्या प्लेटवर कँबर मिळत होता. नवे आकडे: पुढे −२.० दोन्हीकडे, टो शून्य, मागे −१.७, एकूण टो-इन ०.२ अंश. टायरमध्ये हवा कंपनीच्या ३५ पीएसआयपासून सुरू केली. हेडलाइटचा झोतही परत लावून घेतला. उंची बदलली की तो बदलतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

नंतर

पुढची चाल नव्या शॉकवर ५५ मिमी आहे. केबल टाय मालकाने काढू दिला नाही, तो अजून रॉडवर आहे. ट्रॅकवर जोरात चालवूनही तो फोमला टेकलेला नाही. रस्त्यावर एका खोल खड्ड्यात एकदा टेकला, आणि तिथे टेकायलाच हवा होता. वळणातली पकड आता हळूहळू सुटते, चालकाला दोन क्षण आधी कळतं. चाकोरीत ओढणं जवळपास गेलं. मागे बसणाऱ्यांची तक्रार थांबली आहे, म्हणजे निदान सस्पेन्शनबद्दलची. त्या सीटवर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न टोयोटाचा.

लॅपटाइम मी मुद्दाम देत नाही. टायरचं माप आणि मॉडेल दोन्ही बदलले आहेत, आणि या गाडीत टायर एवढा फरक पाडतो की सस्पेन्शनचा वाटा त्यातून वेगळा काढता येणार नाही. जो काढून दाखवतो त्याच्याकडून मी काही विकत घेणार नाही.

एक गोष्ट पूर्ण जुळली नव्हती. चार हजार किलोमीटरनंतर टायरची खोली मोजली. पुढे आतली आणि बाहेरची बाजू जवळपास सारखी. मागे मात्र आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ०.८ मिमी जास्त झिजलेली. ट्रॅकपेक्षा रस्त्यावरचे किलोमीटर खूप जास्त, त्यामुळे −१.७ मागे थोडा जास्तच होता. आर्म अर्धी आटी फिरवून −१.४ केला, आणि टो पुन्हा ०.२ वर आणला.